आवाजाबरहुकूम

एकतीस वर्षं मी कोर्टात टाइप करते आहे, आणि एकतीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्वदीर्घावरून माझं डोकं फिरतं आहे. घरी नवरा सामानाची यादी लिहितो, तीसुद्धा मी लाल पेनाने दुरुस्त करून देते. तो बिचारा म्हणतो, "अगं, साबण आणायचाय, छापायचा नाहीये." कोर्टातली तरुण मंडळी माझ्या पाठीमागे मला 'पूर्णविराम' म्हणतात. मला माहीत आहे. म्हणू देत. एकतीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी एक चूक दाखवली नव्हती आणि हे मी येताजाता सांगत असे. समोरच्याने विचारलं नाही तरी सांगत असे.

तर ही त्या चुकीची गोष्ट.

खटला एका रंगाऱ्यावर होता. पन्नाशीचा माणूस, बापाच्या हाताखाली धंदा शिकलेला, बोलायला लागला की शब्द एकमेकांना चिकटलेले. एका घरात तो जुनं लाकडी कपाट रंगवायला गेला होता. काम झाल्यावर दोन दिवसांनी घरमालकीणबाईंनी कपाटाचा आतला खण उघडला. त्यात असलेली सोन्याची साखळी गायब. त्या म्हणाल्या, कपाट रिकामं करून दिलं होतं, पण खणाच्या मागच्या फटीत साखळीची डबी सरकवलेली होती, ती काढायची राहिली. घरात दुसरं कुणी आलं नव्हतं. निदान त्यांना आठवत तरी नव्हतं.

साखळी सापडली नाही. सापडला तो रंगाऱ्याच्या फोनमधला एक व्हॉइस मेसेज. काम संपवून निघताना त्याने मेहुण्याला पाठवलेला. मेहुणा त्याच्याच जोडीने काम करायचा. पोलिसांनी विचारपूस सुरू केली तशी त्याने घाबरून जी धूम ठोकली, ती आजतागायत. त्यामुळे तर संशयाला आणखीच खतपाणी मिळालं.

तो मेसेज कागदावर उतरवायला माझ्याकडे आला. मागे खरखर चालू होती, डबा खरवडल्यासारखी. मी दोनदा ऐकला आणि उतरवला:

"झालं बाबा काम. आतल्या खणातली लांबवली. कपाटावर दोन हात मारले. आता कुणाच्या बापाला कळणार नाही. पुढच्या दाराने आलो नाही, मागनं निघालो. तू दोन दिवस तिकडे फिरकू नकोस."

खाली शिक्का मारला, 'मूळ आवाजाबरहुकूम खरी नक्कल', आणि झोकात सही ठोकली. मनात म्हटलं, घ्या, चोराने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आता वकील काय डोंबल करणार?

वकील तरी कोण होती? सरकारने फुकट दिलेली एक पोरगी, काळ्या कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. हुशार होती, नाही असं नाही. पण तिने कागद वाचला आणि रंगाऱ्याला विचारलं, "हे तुम्हीच बोललात का?" त्याला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "आवाज माझाच आहे ताई. जे केलं तेच बोललो." झालं! पोरीचं धाबं दणाणलं. तिने सांगितलं, "दादा, आरोपीला गप्प राहायचा हक्क असतो. तुम्ही कोर्टात एक अक्षर बोलू नका." तो नाही बोलला. तिचं काही चुकलं नव्हतं. पण एवढ्या सज्जनपणे आणि नियमाने एक माणूस तुरुंगाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

मेसेज कोर्टात वाजवलासुद्धा. एका टीचभर स्पीकरवर, वर पंखा गरगरतोय, आणि प्रत्येकाच्या हातात माझा कागद. जे वाचलं तेच सगळ्यांनी ऐकलं. सरकारी वकिलांनी चष्मा काढून नुसतं म्हटलं, "यावर मी आणखी काय बोलू, साहेब?" हे सरकारी वकील म्हणजे तिरकस गृहस्थ. समोरच्याला टोमणा मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

शेवटच्या युक्तिवादाचा दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रंगारी आणि त्याची बायको. तो जामिनावर होता. बायकोनेही डबा आणला होता, पण उघडला नव्हता. मी मुद्दाम कान दिला नाही, पण बाक केवढा, आणि माझे कान कसे, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

बायको खालच्या आवाजात म्हणत होती, "सात महिने मी कुणाचंही ऐकून घेतलं. शेजारणी बघून दार लावतात, तुम्हाला कुणी काम देत नाही, मी हूं का चूं केलं नाही. पण आज मला एकटीला खरं सांगा. घेतलीत का?"

त्याने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. तो मागच्या भिंतीकडे वळला. आमच्या कोर्टाच्या भिंतीचे पोपडे सुटलेले आहेत, हात लावला की पापुद्रा खाली. त्याने अंगठ्याने एक पोपडा दाबला आणि स्वतःशीच पुटपुटला, "लांबी लावलीच नाही. तसेच हात मारलेत. टिकणार कसं?"

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती म्हणाली, "मी काय विचारतेय आणि तुमचं लक्ष कुठंय!"

माझा घास तोंडातच राहिला.

लांबी. अहो, लांबी म्हणजे तो भेगा बुजवायचा मळलेला लगदा! हल्ली सगळे पुट्टी म्हणतात, त्या वकील पोरीने तर लांबी हा शब्द उंची-रुंदीच्या जोडीलाच ऐकला असणार. पण मला माहीत होता. आमच्या वडिलांनी घराच्या खिडक्यांच्या काचा लांबी लावूनच बसवल्या होत्या आणि मी लहानपणी तिच्या गोळ्या करून भावाला मारल्या होत्या. मला माहीत होता हो! आणि हात मारणं? रंगाचा एक हात, दोन हात. आमच्या घराला दर वेळी दोन हात मारून घेतो आम्ही.

मी डबा तसाच टाकून उठले. नोंदींच्या खोलीत जाऊन मुख्य कारकुनांकडे ती ध्वनिफीत मागितली, कानाला यंत्र लावलं आणि या वेळी समोर कागद घेतला नाही. डोळे मिटले.

"झालं बाबा काम. आतल्या खणाला लांबी लावली."

ध्वनिफीत पुन्हा लावली. पुन्हा तेच. चिकटलेले शब्द, मागे खरखर, पण 'खणाला' स्वच्छ होतं. 'लांबी' स्वच्छ होती. 'खणातली लांबवली' असं त्या माणसाने जन्मात म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

मी यंत्र काढून ठेवलं आणि मुख्य कारकुनांना सगळं सांगितलं.

मुख्य कारकून माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटे, पण नोकरीतला बारकावा त्यांना जास्त कळतो. सगळं ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "बाई, चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. खरी नक्कल म्हणून सही तुमची आहे. चौकशी लागेल. शिवाय आवाज उतरवायचं काम आल्यापासून, गेली सात वर्षं, तुम्ही उतरवलेल्या प्रत्येक आवाजावर कुणीही बोट ठेवेल. आपलं काम टाइप करायचं. निकाल साहेब लावतात."

मला कबूल करायला लाज वाटते, पण मी पाच मिनिटं तसाच विचार केला. वाटलं, त्या पोरीच्या कानात हळूच सांगावं, तिचं ती बघेल. मग वाटलं, सरकारी वकील म्हणतील, सुचलं ऐन वेळी, आणि तिचीच खिल्ली उडवतील. आणि सही काय तिची होती? नाकाने कांदे सोलायला मी, आणि निस्तरायला ती? छे!

"मला जाऊ द्या," मी म्हटलं. ते बाजूला झाले. नंतर त्यांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

कोर्ट पुन्हा बसलं. सरकारी वकील उठून बोलणार, तेवढ्यात मी माझ्या जागेवरून उभी राहिले. टाइप करणारी बाई उभी राहते ती फक्त साहेब येताना आणि जाताना. त्यामुळे सगळे दाराकडे बघायला लागले, कोण आलं म्हणून.

"साहेब," मी म्हटलं, "मेसेजची नक्कल चुकली आहे. चूक माझी आहे."

आमचे न्यायाधीश साहेब शांत माणूस. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असं जागेवरून नको, बाई. शपथ घ्या आणि साक्षीदार म्हणून सांगा. दोन्ही बाजू तुम्हाला प्रश्न विचारतील."

माझ्या जागेवर शेजारच्या कोर्टातली टायपिस्ट बोलावली. एकतीस वर्षं मी ज्या पिंजऱ्याकडे पाठ करून बसले, त्यात पहिल्यांदा उभी राहिले. तिथूनही त्या टायपिस्टच्या पडद्यावर नजर गेलीच. "अगं, 'शपथेवर'ला 'थे' एकच!" मी ओरडले. साहेब म्हणाले, "बाई, सध्या तुमची चूक बघू या." कोर्टात हशा पिकला, आणि मी जन्मात पहिल्यांदा तो निमूट ऐकून घेतला.

मी सगळं सांगितलं. सरकारी वकील माझ्याकडे आले.

"तुम्ही म्हणता, एकतीस वर्षांत तुमची चूक झाली नाही."

"म्हणत होते."

"मग आता नेमकी याच खटल्यात कशी झाली? का आज दुपारी कुणाची दया आली?"

त्यांचा प्रश्न झोंबला, पण रास्त होता. मी विचार करून न्यायाधीश साहेबांकडे बघत उत्तर दिलं. "साहेब, फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चोरी' लिहिलं होतं. ते वाचून मी यंत्र कानाला लावलं. मग मला चोरीच ऐकू आली. जे अस्पष्ट होतं ते मी माझ्या मनाने भरलं. तुमचं एक वाक्य मी निदान पाचशे वेळा टाइप केलं असेल, गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं. बोटांना पाठ झालं होतं. कानांनी आधीच शिक्षा देऊन टाकली होती."

सरकारी वकिलांनी टोमणा मारला नाही. "आणि आज तुम्ही मनाने भरत नाही कशावरून?" एवढंच विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "माझ्यावर आता विश्वास ठेवू नका. स्वतः ऐका."

साहेबांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पंखा बंद करा. सगळ्यांनी कागद उलटे ठेवा."

खसखस आवाज करत कागद उलटे झाले. साहेबांनी स्वतःचाही उलटा ठेवला. तो टीचभर स्पीकर त्यांच्या टेबलावर आणला. कोर्टात इतकी शांतता मी फक्त फाशीच्या एका निकालाला अनुभवली होती.

"झालं बाबा काम. आतल्या खणाला लांबी लावली. कपाटावर दोन हात मारले..."

तीनदा वाजवलं. तिसऱ्या वेळी वकील पोरीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. तिने उठून साहेबांची परवानगी मागितली आणि आरोपीला म्हणाली, "दादा, मी गप्प राहायला सांगितलं होतं. आता तुमची इच्छा असेल तर बोला. लांबी लावली म्हणजे काय केलंत?"

रंगाऱ्याने सगळ्यांकडे अशा नजरेने बघितलं, की एवढी शिकलेली माणसं आणि यांना एवढंही माहीत नाही! म्हणाला, "खणाच्या तळाला चीर होती. लांबी लावून बुजवली. वाळल्यावर घासली. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. चीर कुठे होती ते कुणाच्या बापाला कळणार नाही, असं काम केलं. पुढच्या दाराची चौकट पण मीच रंगवली होती, ती ओली, म्हणून मागनं निघालो. दोन दिवस वाळायला लागतात, म्हणून मेहुण्याला म्हटलं, येऊ नको." एवढं बोलून तो थांबला आणि म्हणाला, "सात महिने मला वाटत होतं, 'कुणाच्या बापाला' म्हणालो त्याचा राग आलाय तुम्हाला."

या वेळी हसायचं कुणाला सुचलं नाही.

सरकारी वकील आपल्या फाइलमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होते. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढणार. त्यांनी एक फोटो बाहेर काढला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, आणि स्वतःच साहेबांपुढे ठेवला. "पोलिसांनी काढलेला आतल्या खणाचा फोटो. साहेब, तळाच्या मधोमध एक लांबट पट्टा बाकीच्या रंगापेक्षा जरा उठून दिसतो. मी हा फोटो पन्नास वेळा बघितला असेल, पण साखळी नाही एवढंच बघत होतो. तो पट्टा आरोपीच्या बाजूचा पुरावा आहे, आणि तो दाखवायचं कामही माझंच आहे." मग चष्मा पुसत पुसत पुढे म्हणाले, "माझं काम माणूस आत घालणं नाही, खरं काय ते कोर्टापुढे आणणं आहे. कधीकधी मलाही आठवण करून द्यावी लागते." अहो, मी त्यांना आजवर मनातल्या मनात किती नावं ठेवली होती! सगळी परत घेतली.

निकाल चार दिवसांनी लागला. माझ्यावर चौकशीची नोटीस आली होती, पण ती पुरी होईपर्यंत जागा माझीच होती. साहेब सांगत गेले, मी टाइप करत गेले. घरमालकीणबाई खोटं बोलल्या नाहीत, साखळी गेली हे खरं, पण ती कुणी नेली याचा या कोर्टापुढे पुरावा नाही. मग साहेब म्हणाले, "टंकलेखिकेच्या हातून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे..."

माझी बोटं थांबली. "साहेब, अनवधान नव्हतं. मी पूर्ण लक्ष देऊन ऐकत होते. मी गृहीत धरलं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. लिहा. टंकलेखिकेने आरोपीचा गुन्हा गृहीत धरून नक्कल केली." मी लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

शेवटी त्यांनी वाचलं, "सबब, आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे." साहेब उठले, आम्ही उठलो, ते आत गेले. वकील पोरगी धावत कागदाची प्रत घ्यायला गेली. रंगारी मात्र पिंजऱ्याचा कठडा धरून तसाच उभा. चेहरा पडलेला.

मी जवळ गेले. "काय झालं हो, दादा?"

"संशय म्हणाले ना साहेब," तो म्हणाला. "म्हणजे अजून संशय आहेच."

केवढे आम्ही शहाणे! माणसाला सोडतो, तेसुद्धा अशा भाषेत की त्याला वाटावं धरलाच आहे.

"तुमच्यावर नाही," मी म्हटलं. "संशय आमच्या पुराव्यावर आहे. पुरावा डळमळीत असला की माणसाला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. तुम्ही सुटलात. कायमचे सुटलात. आता घरी जा."

त्याने हळूहळू कठडा सोडला. दोन पावलं टाकली आणि थांबला. "चार दिवस घरी काही बोललो नाही. हे सगळं तिला कसं सांगू? मी सांगितलं तर म्हणेल, सुटण्यासाठी बोलतो."

बायको दाराबाहेर उभी होती. आत यायचा धीर झाला नव्हता तिला. निकाल लागल्याचं तिला लोकांच्या पांगण्यावरून कळलं असावं, पण कसा लागला ते कळलं नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तो जमिनीकडे.

मी त्याच्या पुढे झाले. शब्द नीट उच्चारले, एकेक सुटा, की पुन्हा कुणाला काही भलतं ऐकू येऊ नये.

"बाई, हे सुटले. यांनी लांबवली नव्हती, लांबी लावली होती. तुम्ही सात महिने जे सोसलंत, ती चूक माझी."